वर्षश्राद्ध आणि पावसाची वही

मँचेस्टरहून एक वाचक लिहितात: "बाबा गेल्या मार्चमध्ये साताऱ्यात गेले. वर्षश्राद्धाला आई आमच्याकडे असेल. तिने व्हिडिओ कॉलवर गुरुजीही ठरवलेत. मी कॉलेजपासून नास्तिक, जानवं केव्हाच सोडलं. बसलो तर ढोंग, नाही बसलो तर ती रडणार. आणि खरं सांगू? श्राद्ध नको म्हटल्यावर त्या दिवशी करायचं काय, हेही सुचत नाही. नऊ वर्षांची मुलगी विचारते, आजोबा कुठे गेले?"

आईंचं त्यातल्या त्यात सोपं आहे, ते आधी उरकू. श्राद्ध त्यांना करायचंय, करू द्या. संकल्प तुमच्या तोंडी नको असेल तर गुरुजींना आधीच फोन करून सांगा. अशा अडचणींतून वाट काढणं त्यांना नवं नाही. तुम्ही खिरीचं दूध आटवा, वडे तळा, पान बागेत नेऊन ठेवा. (कावळ्यांची काळजी नको, तिकडे भरपूर आहेत.) वडे तळणं हे ढोंग नव्हे. न पटलेले मंत्र पुटपुटणं हे ढोंग, आणि ते आईला लगेच कळतं.

मुलीला 'आजोबा तारा झाले' वगैरे सांगू नका. गेले, परत येणार नाहीत, मलाही त्यांची आठवण येते, एवढं पुरे. शाळेत ती एकटी पडेल ही भीती नको. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी 'धर्म नाही' असंच नोंदवलंय.

अवघड आहे ते 'करायचं काय'. आगरकरांनी विद्यार्थी असतानाच आईला कळवलं होतं की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकी वेळ लोकांसाठी घालवणार. १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. चिडलेल्या सनातन्यांनी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये गेले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती, आणि तेव्हा ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. देव नाकारला, पण रोज उठून वर्ग घ्यायचे होते, अंक छापायला द्यायचा होता. आपण बरेचसे नास्तिक (मीही त्यातच) नुसतं नाकारून मोकळे होतो. श्रद्धाळू माणसाला पंचांग तिथी सांगतं, आपल्याला कोणी सांगत नाही. मग दिवस ऑफिसात निघून जातो आणि रात्री उगाच घशाशी येतं.

तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात की बाबा चाळीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पावसाची नोंद ठेवायचे. अहो, मग शोधताय काय! आईंना सांगा, दर्भ आणि तिळांबरोबर बॅगेत शेवटची वहीही टाका. तिची कोरी पानं उरली असतील. वर्षश्राद्धाच्या सकाळी बागेत पर्जन्यमापक लावा आणि पहिला आकडा मुलीला लिहू द्या, बाबांच्या शेवटच्या नोंदीच्या खालच्या ओळीत. आईंनाही बोलवा, त्या येतील. पाऊस नसला तरी रकाना रिकामा सोडू नका, शून्य लिहा. आणि मापक घेताना मिलिमीटरच्या खुणा बघून घ्या. नुसत्या इंचांचं घेतलंत तर वहीशी जुळणार नाही.