झऱ्यातले पांढरे शंख : नमुना कोणाच्याही हाती देण्याआधी

तुमचा फोटो पाहिला. झऱ्याच्या तोंडाशी बांधलेल्या फडक्यात अडकलेले दोनेक मिलिमीटरचे, काचेसारखे आरपार दिसणारे शंख, आणि खाली प्रश्न : 'या भूजलातल्या गोगलगायी असतील का? ओळखून घ्यायला नमुना कुठे देऊ?' याच प्रश्नापायी माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चाळणी, भिंग, फोटोत मोजपट्टी हे तुम्ही करताच आहात, त्यावर बोलत नाही. मी प्राणिशास्त्रज्ञ नाही. वर्षानुवर्षं झऱ्यांचा गाळ चाळलेला हौशी माणूस आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

फोटोतले सगळे शंख रिकामे दिसतात. या गोगलगायी आत खडकाच्या भेगांत नाहीतर वाळू-गोट्यांच्या पोकळ्यांत राहतात. शरीराला रंग नाही, डोळे नाहीत किंवा नावापुरते, खाणं म्हणजे दगडावरचा जिवाणू-बुरशीचा पातळ थर. झरा बाहेर टाकतो ते बहुतेक मेलेल्यांचे शंख, आणि चुनखडीच्या पाण्यात ते फार काळ टिकतात. म्हणजे शंख मिळाला तरी झऱ्याच्या आत आज ती गोगलगाय जिवंत आहेच असं नाही. शंखाच्या आकारावरून जात ठरवायलाही जाऊ नका. मध्य युरोपातल्या बायथिओस्पेयम या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, शंखांच्या आकारावरून ढीगभर जाती मांडल्या गेल्या होत्या. २०१७ साली डीएनए तपासणीचे निष्कर्ष आले आणि ती संख्या बरीच खाली आली. जिवंत प्राणी हवाच.

आणि तो मिळाला की खरी काळजी सुरू होते. मला मिळाला होता. दगड उलटे करकरून थोडे जिवंत जीव हाती आले, ते मी कडक अल्कोहोलमध्ये ठेवले, चिठ्ठी आत घातली आणि नमुने स्वीकारणाऱ्या एका कार्यालयात दिले. नाव लिहिणार नाही. तिथे नियम असा की ओला नमुना आला की तो फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या रसायनात, जायचा. मासा असो, बेडूक असो, गोगलगाय असो, सगळ्यांना एकच बाटली. मी 'डीएनएसाठी' असं ठळक लिहिलेली चिठ्ठी कोणी वाचली नाही. फॉर्मलिन हवेशी संपर्कात राहिलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. इतका पातळ शंख त्यात विरघळून जातो. आतल्या मांसातला डीएनएही निकामी होतो. पुष्कळ खेटे घातल्यावर उत्तर आलं, 'नमुना ओळखण्यायोग्य नाही, नवीन सादर करावा.' तोवर त्या झऱ्यावर सिमेंटची बंद टाकी उभी राहिली होती. नवीन आणायचा कुठून? आजही त्या उत्तराचा राग येतो, कारण या जीवांच्या बाबतीत 'पुन्हा आणा' म्हणणं म्हणजे आपण काय हाताळतो आहोत तेच माहीत नसणं. अमेरिकेत मिझुरी राज्यातली अँट्रोबिया कल्व्हेरी ही गुहेतली गोगलगाय घ्या : १९७१ साली नामकरण झालं, ती फक्त टंबलिंग क्रीक या एका गुहेतल्या ओढ्यात सापडते, आणि २००१ साली तिला तातडीने संकटग्रस्त यादीत घालावं लागलं. एकेका जातीचं सगळं जग एवढंच असतं.

म्हणून माझं मत, कोणाला टोकाचं वाटलं तरी : कार्यालयाच्या खिडकीवर बाटली ठेवून येऊ नका. मृदुकाय प्राण्यांवर, त्यातही गोड्या पाण्यातल्या बारीक गोगलगायींवर काम करणारा माणूस शोधा, आधी त्याच्याशी बोला, नमुना त्याच्याच हातात द्या. सगळे जीव एकाच ठिकाणी देऊ नका. द्रव बदलायचा असेल तर आधी विचारा, हे लेखी घ्या.

अल्कोहोलचीही एक गोम आहे. जिवंत गोगलगाय थेट त्यात टाकली की ती अंग आत ओढून घेते, शंखाच्या तोंडाची झाकणी बंद होते, अल्कोहोल आत शिरत नाही आणि शरीर कुजतं. आधी तिच्याच पाण्यात, थंड जागी, मेंथॉलचे दोन-चार खडे टाकून ठेवा. शरीर बाहेर येऊन स्पर्शाला हलेनासं झालं की मग अल्कोहोल. डीएनएसाठी ते ९५ टक्क्यांच्या वरचं असावं. आणि मोजकेच जीव घ्या. यांची अंडी सहसा थोडी असतात, भर लवकर निघत नाही. परवान्याचे नियम जागेगणिक वेगळे असतात, ते तुम्हीच तपासा, माझ्या भरवशावर राहू नका.

झऱ्याच्या आत पोचता येत नसेल तर शेजारच्या ओढ्याच्या काठी, पाण्यापासून थोडं दूर गोट्यांत खड्डा करा आणि झिरपून जमणारं पाणी बारीक जाळीतून गाळा. साधी, जुनी पद्धत आहे, पण चालते. रिकामे शंख काचेच्या कुपीत ठेवा, ओकच्या लाकडी खणात नको. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शंखावर पांढरी भुकटी धरते.

पुढचा फोटो शंखाचं तोंड समोर ठेवून काढा. आणि पाऊस पडल्यावर झऱ्याचं पाणी लगेच गढूळ होतं का, तेही लिहा. होत असेल तर वरचं पाणी थेट आत शिरतंय, आणि त्या फडक्यात जमिनीवरच्या गोगलगायींचे शंखही मिसळलेले असू शकतात.