नेपाळची वीज, भूतानचे पाणी आणि आपले बिल

जून २०२५पासून नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या वाहिन्यांवरून बांगलादेशला जाऊ लागली आणि शेजाऱ्यांच्या विजेबद्दल विचारणा वाढली. गोंधळ बहुतेकांचा सारखाच, म्हणून एकत्र उत्तरे.

नेपाळची वीज आली की आमचे बिल उतरेल का?

नाही. मे २०२४मध्ये देशाची मागणी २५० गिगावॉटवर (१ गिगावॉट म्हणजे १,००० मेगावॉट) गेली होती. तिच्यापुढे ही वीज चिमूटभर आहे.

चिनी कंपनीने नेपाळात बांधलेल्या प्रकल्पाची वीज भारत घेतो का?

सध्याच्या नियमांनुसार नाही.

नेपाळ-भूतानकडे एवढे पाणी असताना राजस्थानात सौर पॅनेल कशाला?

मेगावॉटचा आकडा ऐकून लोक भुलतात, तो वर्षाच्या कोणत्या महिन्यातला हे कुणी विचारत नाही. दोन्ही देशांतले बहुतेक प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. मोठे जलाशय फार थोडे. पावसाळ्यात वीज उतू जाते, हिवाळ्यात नद्या रोडावतात आणि हेच देश भारताकडून वीज घेतात. बांगलादेशचा करारही १५ जून ते १५ नोव्हेंबर एवढ्यापुरताच आहे. पावसाळ्यात ढगांमुळे आपली सौरवीज घटते तेव्हा त्यांच्याकडे पाणी असते. हिवाळ्यात ऊन आपल्याकडे असते. म्हणजे दोन्ही हवे.

अडते ते वाहिन्यांपाशी आणि सह्यांपाशी. सार्क देशांचा वीज सहकार्य करार २०१४चा. त्यानंतर ४० मेगावॉटच्या त्रिपक्षीय करारावर सह्या व्हायला २०२४ उजाडले! ही दिरंगाई मला अक्षम्य वाटते. जानेवारी २०२४मध्ये भारताने नेपाळकडून दहा वर्षांत १०,००० मेगावॉट घेण्याचे ठरवले आहे. सीमेपलीकडच्या वाहिन्या धरणांच्या आधी उभ्या राहिल्या नाहीत, तर पावसाळ्यातले पाणी वीज न करताच सोडून द्यावे लागेल. भूतानमध्ये सारे सुरळीत झाले, असा दाखला देणाऱ्यांनीही पुरते पाहावे. मांगदेछू प्रकल्पाला भारताने ७० टक्के कर्ज व ३० टक्के अनुदान दिले, तो २०१९मध्ये सुरू झाला. तिथलाच पुनात्सांगछू-१ मात्र धरणाच्या जागी डोंगर सरकल्याने वर्षानुवर्षे रखडला. हिमालयात भूगर्भतज्ज्ञांचा शब्द आधी घ्यावा, कोनशिला नंतर.

पाकिस्तानात लोकांनी आपणहून सौर पॅनेल लावली. तेच धोरण बरे नाही का?

ते धोरणापेक्षा महाग विजेला कंटाळलेल्या ग्राहकांचे उत्तर होते. २०२४मध्ये तिथे चीनमधून सुमारे १७ गिगावॉटची पॅनेल आली. ऐपतवाले छतावर वीज करू लागले की वीजजाळ्याचा स्थिर खर्च उरलेल्यांच्या माथी येतो. नक्कल करण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

सौर पॅनेलचा विक्रेता म्हणतो, नेपाळची वीज आली की नेट मीटरिंग (छतावरची जादा वीज जाळ्याला देऊन बिलातून वळती करण्याची सोय) बंद होणार, आजच आगाऊ रक्कम भरा.

भरू नका. या दोन गोष्टींचा काडीचा संबंध नाही, ही धाक घालून विक्री आहे. विक्रेत्याचे नाव पीएम सूर्यघर या छतावरील सौरविजेच्या केंद्रीय योजनेच्या पोर्टलवरील नोंदणीकृत यादीत तपासा, नेट मीटरिंगचा आजचा नियम महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारा आणि छत किती भार पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहून घ्या. मगच सही करा.