साताऱ्यात राहून समुद्राचं शिक्षण घेता येतं का?

प्रश्न असा आहे की मी साताऱ्याची, बारावी सायन्सला, पुढं ओशनोग्राफीची डिग्री करायचीय पण पप्पा म्हणतात आपल्याकडं समुद्र कुठाय, ते कोकणातल्या पोरांनी करावं.

तू बारावीत आहेस म्हणून अगं-तुगं करते. मी सांगलीची, विलिंग्डनला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केली आणि मग गोवा विद्यापीठातून मरीन सायन्सची एमएस्सी.

आधी सरळ सांगते, बारावीनंतर थेट ओशनोग्राफीची डिग्री आपल्याकडं शोधत बसू नकोस, हा विषय मुख्यतः एमएस्सीलाच मिळतो, गोव्याला, कोचीच्या कुसाट विद्यापीठाला वगैरे. रत्नागिरीला शिरगावच्या कॉलेजात बीएफएस्सी आहे, चार वर्षांची, चांगली आहे पण ते मत्स्यविज्ञान, म्हणजे मासे, कोळंबी, त्यांचं संवर्धन. आयआयटी मद्रास आणि खरगपूरला ओशन इंजिनिअरिंग आहे, ते जहाजं, बंदरं असलं काम. तुला समुद्रच समजून घ्यायचा असेल तर साताऱ्यातच बीएस्सी कर, फिजिक्स केमिस्ट्री काय आवडेल ते घे फक्त मॅथ्स सोडू नकोस, कारण लाटा, भरती, प्रवाह सगळं शेवटी गणितावरच येतं आणि एमएस्सीला आलेली बरीच मुलं तिथंच अडकतात. मॅथ्ससोबत थोडं पायथन शिकलीस तर अजून बरं.

आता पप्पांचं. त्यांना सांग की कृष्णा महाबळेश्वरला उगवते, तिथनं अरबी समुद्र सरळ रेषेत 64 किलोमीटरवर, पण ती पाठ फिरवून 1400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. माहुलीच्या संगमावरनं, आमच्या हरिपूरवरनं गेलेलं पाणी, गोदावरी, गंगा, ब्रह्मपुत्रेचं पाणी, हे सगळं गोडं पाणी तिकडं खाऱ्या पाण्यावर थरासारखं पसरतं कारण ते हलकं असतं. मग खालचं थंड पाणी वर मिसळायला अडथळा येतो, वरचा थर तापलेलाच राहतो आणि तिकडच्या चक्रीवादळांना त्याचीच ऊब मिळते. आणि आपला पाऊस तर अरबी समुद्रावरूनच येतो. समुद्र आपल्याकडं नाही असं कसं म्हणायचं?

मला हा विषय खरा कळला तो एमएस्सीच्या प्रोजेक्टला पहिल्यांदा जहाजावर गेले तेव्हा. सीटीडी नावाचं यंत्र तारेवरनं खाली सोडतात, ते खारटपणा, तापमान, खोली मोजत जातं, भोवती लांबट बाटल्या असतात त्या ठरलेल्या खोलीवर बंद होतात. वर आल्यावर पहिलं पाणी ऑक्सिजनसाठी काढायचं, नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून, एक बुडबुडा न येऊ देता, पाणी वरनं सांडेपर्यंत. मग मॅंगनीज क्लोराइड आणि अल्कलाइन आयोडाइड घालून हलवायचं. वरच्या पाण्यात दाट तपकिरी साका बसला, म्हणजे ऑक्सिजन आहे. 300 मीटरच्या बाटलीत घातलं तर साका पांढराच राहिला, म्हणजे त्या पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरपर्यंत असा पट्टा आहे, हे पुस्तकात वाचलेलं होतं पण हातातली बाटली पांढरी बघून मी तशीच उभी राहिले. आणि पुढचं ऑक्सिजन किती ते मोजायचं थायोसल्फेटचं टायट्रेशन, स्टार्च घालून निळा रंग जाईपर्यंत, ते मी सांगलीत बीएस्सीला कितीदा केलेलं! म्हणून प्रॅक्टिकल उरकून टाकू नकोस.

नोकरी म्हणशील तर जागा कमी आहेत, लपवत नाही. गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), हैदराबादची इनकॉइस (मच्छीमारांना मासे कुठं मिळतील आणि लाटा किती असतील हे तेच कळवतात), ध्रुवीय संशोधनाची गोव्यातलीच संस्था, बहुतेक ठिकाणी सुरुवात प्रोजेक्टवरनंच होते. नेट परीक्षेला अर्थ सायन्सेसच्या पेपरात ओशन सायन्स येतं, ती एमएस्सी करतानाच दे.

पप्पांना काही विचारायचं असेल तर मेसेज करायला सांग, माझे पप्पा पण आधी नाहीच म्हणाले होते.