पाचवा महिना आणि लेस्टरची नोकरी

ताई, यजमानांना लेस्टरला नोकरी लागली, तुम्हाला पाचवा चालू आहे, आणि सासूबाई म्हणतात बाळंतपण बडोद्यातच करा. मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली, माझी दोन्ही बाळंतपणं इंग्लंडात झाली, म्हणून लिहिते.

यायचं तर सहावा संपायच्या आत या, नाहीतर बाळंत होऊन बाळासकट या. आठव्यात विमानात बसू नका. २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात. विसाव्या आठवड्याची मोठी सोनोग्राफी बडोद्यातच उरकून घ्या. ते रिपोर्ट, ममता कार्ड (सरकारी दवाखान्यातलं गरोदरपणाच्या नोंदींचं कार्ड) आणि रक्तगटाचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा.

डिपेंडंट व्हिसावरच, म्हणजे यजमानांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून बायकोला मिळतो त्यावरच या. व्हिजिटर व्हिसावर बाळंत झालात तर सरकारी दराच्या दीडपट बिल येतं. व्हिसासोबत आरोग्य अधिभार माणशी वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. आकडा बघून पोटात गोळा येतो, पण मग तपासण्या, बाळंतपण, अगदी सिझेरियनलाही वेगळा पैसा नाही. पोचल्या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे भागातल्या फॅमिली डॉक्टरांकडे, नाव घाला आणि हॉस्पिटलच्या मिडवाइफकडे, म्हणजे शिकलेल्या सुईणीकडे, नोंदणी करा. सगळं सुरळीत असेल तर मिडवाइफच बघते. दर महिन्याला डॉक्टर मॅडमला दाखवायची सवय असलेल्या आपल्याला सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नॉर्मल बाळंतपण झालं की दुसऱ्या दिवशी, कधी त्याच दिवशी घरी पाठवतात. मालिशवाली नाही, शेक-शेगडी नाही. मिडवाइफ मात्र घरी येते. पाचव्या दिवशी आमच्या सोफ्यावर बसून तिने बाळाची टाच टोचली आणि जाड कागदावरच्या चार गोलांत रक्ताचे थेंब उतरवून घेतले. जन्मजात आजारांची तपासणी असते ती. पुढे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाची वाढ बघणारी नर्स, येते. तिने गुटीत मध नको म्हणून बजावलं, वर्षाच्या आत बोट्युलिझम या गंभीर विषबाधेची भीती असते. शिशाच्या भीतीने काजळालाही नाही म्हणाली. हे सासूबाईंना फोनवर सांगणं बाळंतपणापेक्षा अवघड! बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, इथे सरसकट देत नाहीत, पण आईवडील भारतात जन्मलेले असले की बाळाला मिळते. आपणहून विचारा.

यजमानांची नोकरी नवी, त्यामुळे कायद्याने मिळणारी पगारी रजा त्यांना बसणार नाही. म्हणून आईंना तारखेच्या आधीच बोलवा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहता येतं, फक्त विमा काढा. आणि त्यांना तूप आणू देऊ नका, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. इथल्या दुकानांत तूप, डिंक, अळीव सगळं मिळतं.

जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची. तुम्ही दोघं तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बाळ इथे जन्मलं म्हणून ब्रिटिश होत नाही. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद, मग पासपोर्ट, मग बाळाचा व्हिसा. तो हातात आल्याशिवाय बडोद्याची तिकिटं काढू नका.