वाचकांचे प्रश्न : मालवणचे बंदर, किल्ला आणि सागरी अभयारण्य

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत मालवणसमोरच्या बेटावरील सिंधुदुर्गाचा समावेश आहे. त्या निमित्ताने प्रसिद्ध झालेल्या टिपणानंतर वाचकांची बरीच पत्रे आली आणि त्यांतील अनेक पत्रांचा विषय केवळ किल्ला नसून त्याच्या भोवतालचे पाणी हा होता. त्यांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहे.

मालवणला गेलो असता होडीवाल्याने सरळ किल्ल्याकडे न जाता वळसा घेतला. विचारल्यावर म्हणाला, मधे खडक आहेत. इतके खडक असलेल्या ठिकाणी पूर्वजांनी बंदर का केले असावे? – एक वाचक, कोल्हापूर

खडक होते म्हणूनच बंदर झाले, असे याचे थोडक्यात उत्तर आहे. मालवणसमोरच्या समुद्रात काही खडक कायम पाण्याबाहेर असतात, काही ओहोटीला उघडे पडतात आणि काही कधीच दिसत नाहीत, फक्त त्यांच्यावर फुटणारी लाट दिसते. पश्चिमेकडून येणाऱ्या लाटेचा जोर या रांगांवर मोडतो आणि आतल्या बाजूला, किनारा व खडक यांच्यामध्ये, तुलनेने शांत पाणी राहते. मात्र त्या शांत पाण्यात शिरण्याच्या वाटा अरुंद आणि वेड्यावाकड्या आहेत. किनाऱ्यावरच्या दोन खुणा, म्हणजे एखाद्या देवळाचे शिखर आणि त्यामागचे उंच झाड, एका रेषेत आल्या की होडी वळवायची, ही विद्या येथील गाबीत मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती ज्याला ठाऊक नाही त्याच्या जहाजाच्या दृष्टीने हेच बंदर सापळा ठरते.

शिवाजी महाराजांनी नेमका याचाच उपयोग करून घेतला. जंजिऱ्याच्या सिद्दीशी झुंज चालू होती, गोव्यात पोर्तुगीज बसलेले होते, आणि स्वराज्याच्या आरमाराला खुल्या समुद्रावर स्वतःचे बळकट ठाणे हवे होते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर कामाचा आरंभ झाला आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती, असे परंपरा सांगते. बेटाच्या कडेकपारीला धरून नागमोडी फिरणाऱ्या तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटर भरतो, आणि महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा लपवला आहे की जवळ जाईपर्यंत तो नजरेस पडत नाही.

पण सिंधुदुर्ग एकट्याने पाहिला तर त्यामागची योजना अर्धीच कळते. किनाऱ्याच्या टोकावर राजकोट; सिंधुदुर्ग आणि मालवणमधील दांडीचा किनारा यांच्यामध्ये पद्मगड; आणि उत्तरेला कोळंब खाडीच्या मुखाशी सर्जेकोट. हे तीन छोटे किल्ले आणि सिंधुदुर्ग अशी ती चौघांची रचना आहे. पद्मगडाचे बेट ओहोटीच्या वेळी वाळूच्या पट्ट्याने दांडीशी जोडले जाते. सर्जेकोटच्या आडोशाला पावसाळ्यात गलबते सुरक्षित ठेवता येत. खडक, वाळू, खाडी आणि तट या सर्वांना एकत्र गुंफून बंदर राखण्याची ही कल्पना मला तटाच्या उंचीपेक्षाही मोठी वाटते. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही दिले. परंतु तो राखणे परवडेना, आणि पुढच्याच वर्षी मोठी रक्कम घेऊन त्यांनी तो कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंना परत केला. मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले ते १८१२ च्या तहाने.

पुढे मुंबईहून येणाऱ्या आगबोटींच्या काळातही खडकांनी आपला हक्क सोडला नाही. आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबे आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, किनाऱ्याला येत.

चहूबाजूंनी खारे पाणी असताना किल्ल्यातील विहिरींना गोडे पाणी कसे? हा चमत्कार आहे असे मार्गदर्शक सांगतात. – एक वाचक, नाशिक

किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. बेटावर पडणारा पाऊस खडकाच्या भेगांतून आणि मातीतून खाली झिरपतो. खाऱ्या पाण्यापेक्षा गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खालच्या खाऱ्या पाण्यात एकदम मिसळत नाही, तर त्याच्यावर थर धरून राहते. सच्छिद्र जमिनीच्या बेटांसाठी असा ढोबळ हिशेब आहे की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक फूट वर असेल, तर त्याचा थर समुद्रसपाटीखाली सुमारे चाळीस फूट जातो. प्रत्येक बेटाचा खडक वेगळा असल्याने हा आकडा जशाच्या तसा लागू होत नाही, पण तत्त्व तेच आहे. विहीर या थरापुरतीच खणली आणि पाणी बेताने उपसले तर ते गोड राहते. हाव धरून उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते. जागा आणि खोली अचूक निवडणाऱ्या त्या काळच्या जाणकारांचे श्रेय चमत्काराच्या खाती टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

मालवणला प्रवाळ आहेत असे वाचले. प्रवाळ तर अंदमान-लक्षद्वीपला असतात ना? आपल्या गढूळ समुद्रात ते कसे जगतात? – एक विद्यार्थिनी, पुणे

अंदमान-लक्षद्वीपला प्रवाळांच्या भिंतीच्या भिंती आहेत, तशा मालवणला नाहीत. येथे प्रवाळांनी खडकांवर जागोजागी वस्ती केली आहे. एका दगडावर पसरलेला पिवळसर-तपकिरी गोळा, त्याच्या शेजारी पानासारखा वळलेला दुसरा, मधे समुद्री शेवाळाचे झुपके आणि त्यांतून पळणारे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, असे दृश्य किल्ल्याच्या परिसरात अगदी उथळ पाण्यातही दिसते. पोराइटिस, टर्बिनेरिया, फेवायटिस या येथे आढळणाऱ्या प्रजाती काटक आहेत. पावसाळ्यात खाड्यांमधून येणारे गोडे पाणी आणि गाळ त्या सोसतात, आणि दसरा-दिवाळीनंतर पाणी निवळले की त्यांना पुन्हा भरपूर सूर्यप्रकाश मिळतो.

हा सूर्यप्रकाश महत्त्वाचा का, तर प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, आणि प्रवाळाच्या अन्नाचा मोठा भाग तेच तयार करते. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी अधिक काळ तापलेले राहिले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. मालवणच्या प्रवाळांमध्ये असे विरंजन गेल्या दशकात शास्त्रज्ञांनी नोंदवले आहे. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. तापमान वेळेवर उतरले तर तो सावरतोही. परंतु त्याची वाढ किती संथ असते हे ध्यानात घ्यावे. पोराइटिसचा गोळा वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे आपल्या गुडघ्याएवढा गोळा दिसला, तर त्याचे वय १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवणच्या अभयारण्यापेक्षा बहुधा जास्त आहे. त्यावर एक नांगर पडला की ती सारी वर्षे क्षणात गेली.

खुल्या समुद्रातील प्रवाळ आपल्याकडेही आहेत. किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे समुद्रात बुडालेले पठार आहे. किनाऱ्याचा गाळ तेथवर पोहोचत नाही, त्यामुळे तेथील पाणी नितळ असते.

आमचे मूळ घर दांडीला, आजोबा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचे जाळे ओढणारे मच्छीमार. अभयारण्यामुळे मासेमारी बंद होईल ही भीती घरात लहानपणापासून ऐकत आलो. मासे वाचवायचे की मच्छीमार? – एक वाचक, लालबाग, मुंबई

आपल्या घरातली भीती निराधार नव्हती, हे प्रथम स्पष्टपणे म्हटले पाहिजे. एप्रिल १९८७ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, त्यातील गाभा ३.१८२ आणि त्याभोवतालचे क्षेत्र २५.९४ चौरस किलोमीटर. गाभ्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या भोवतालचे पाणी येते, आणि एका बाजूची हद्द मालवण बंदराजवळ किनाऱ्यापासून अवघ्या ५० मीटरवर आहे. जंगलासाठी घडवलेला कायदा अशा रीतीने लोकांच्या अंगणापर्यंत आला. सागरी हद्दीत अभयारण्य ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित राखण्यासाठी पुरेशी उपाययोजना करावी, ही तरतूद त्या कायद्यात आली ती १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे मालवणच्या अधिसूचनेनंतर चार वर्षांनी. आधी विचारायला हवे होते ते नंतर लिहिले गेले, आणि त्यातून निर्माण झालेला अविश्वास अजून ओसरलेला नाही.

आता मासे की मच्छीमार, या प्रश्नाकडे वळू. आपल्या आजोबांची रापण कशी चालत असे ते आठवून पाहा. किनाऱ्यावरून पाण्याचा बदललेला रंग आणि वर घिरट्या घालणारे पक्षी पाहून मासळीचा थवा हेरायचा, होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडत दुसऱ्या टोकाला किनारा गाठायचा आणि मग दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगांनी दोर खेचायचे. जाळे अनेकांच्या तुकड्यांनी जोडलेले असते, त्यामुळे मासळीत ज्याच्या-त्याच्या हिश्शाप्रमाणे वाटा ठरतो, आणि वाटेने जाणारा कोणी दोराला हात लावील तर त्याच्याही हाती चार बांगडे पडतात. ही पद्धत निर्दोष आहे असे नाही, कारण बारीक आसाच्या, म्हणजे लहान छिद्रांच्या, जाळ्यात लहान मासळीही येते. परंतु रापण किनारा सोडून जाऊ शकत नाही. थवा किनाऱ्याजवळ आला तरच ती लागते, नाही आला तर जाळे कोरडे राहते. तिच्या मर्यादेतच समुद्राचे संरक्षण होते.

पर्ससीन जाळ्याचे तसे नाही. ते जाळे थव्याभोवती टाकून खालच्या कड्यांतून ओवलेला दोर ओढला की बटव्याची नाडी आवळावी तसे बंद होते आणि सबंध थवा एका खेपेत वर येतो. हा थवा किनाऱ्याकडे येण्याआधीच उचलला जातो, म्हणून रापणकराच्या वाट्याला रिकामा समुद्र राहतो. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी यावर अनेक वर्षे आंदोलने केली, पर्ससीनच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल आला, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. प्रखर दिवे लावून केल्या जाणाऱ्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याचा १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा २०२१ मध्ये अधिक कडक झाला. नियम आहेत, पण रात्रीच्या समुद्रावर ते पाळले जातात की नाही हे पाहणारे डोळे आणि वेगवान नौका अपुऱ्या पडतात, ही येथील मच्छीमारांची कायमची तक्रार आहे आणि ती मला रास्त वाटते.

म्हणून आपल्या प्रश्नाची मांडणीच मी वेगळी करीन. खडकांत अंडी घालणाऱ्या आणि वाढणाऱ्या मासळीला अभय हवे आहे, आणि रापणकरालाही नेमके तेच हवे आहे. ओहोटीला कोयती घेऊन खडकावरची कालवे काढणाऱ्या बाईला कोणत्या दगडावर यंदा कालवे धरली नाहीत हे कोणत्याही सर्वेक्षणाच्या आधी कळते. जून-जुलैची शासकीय मासेमारी बंदी येण्याच्या फार पूर्वीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची रीत याच लोकांनी पाळली. अशा लोकांना अभयारण्याच्या व्यवस्थापनात निर्णयाचा अधिकार द्यावा. गाभ्यातील कोणत्या खडकांना हात लावायचा नाही हे त्यांच्यासोबत बसून ठरवावे, आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या नौकांना रोखण्याची शक्ती आधी दाखवावी. हा क्रम उलटा लावला, म्हणजे छोट्या होडीला आधी अडवले आणि ट्रॉलरकडे नंतर पाहिले, तर हद्दीची रेघ नकाशावरच राहील. १९८७ पासून बहुतांशी तसेच झाले आहे.

डिसेंबरमध्ये मुलांना घेऊन स्नॉर्केलिंगला जाणार आहोत. काय काळजी घ्यावी? – एक पालक, ठाणे

पाण्याची नितळता पाहता नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. जीवरक्षक जाकीट आणि स्थानिक मार्गदर्शक यांच्याशिवाय मुलांना पाण्यात उतरवू नये. दम लागला तरी खडकावर पाय टेकू नये, कारण ज्याला आपण दगड समजतो तो जिवंत प्रवाळ असू शकतो. होडीचा दोर किंवा कडे धरून विश्रांती घ्यावी. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो मासळीचा आहार नव्हे, तेव्हा मार्गदर्शकाला आधीच नम्रपणे नको म्हणून सांगावे. होडी नांगर कोठे टाकते हेही विचारावे. वाळूत किंवा तरंगत्या बोयाला बांधणारा होडीवाला निवडला तर त्याच्या चांगल्या सवयीला गिऱ्हाईक मिळते. शिंपले घरी आणण्याचा मुलांचा हट्ट असेल तर किनाऱ्यावरचे रिकामे दोन-चार पुरे. प्रवाळाचा तुकडा मात्र मेलेला असला तरी उचलू नये, कायद्याने तो गुन्हा आहे. किल्ल्यावर जाण्यासाठी बंदरावरून होड्या सुटतात, परंतु साधारण मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत ही वाहतूक बंद असते, हे पुढच्या वेळी पावसाळ्यात जाण्याचा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.