जपानीतले 'तो' आणि 'ती'

प्रश्न असा आहे: जपानीच्या पुस्तकात 'तो' म्हणजे 'कारे' आणि 'ती' म्हणजे 'कानोजो' असं दिलंय, पण जपानी सहकाऱ्यांच्या तोंडी हे शब्द क्वचितच येतात. मग ते 'तो', 'ती' म्हणतात तरी कसं?

बहुतेक वेळा म्हणतच नाहीत. "कुलकर्णी आहेत का?" "गेले." इथे आपण तरी 'ते' कुठे म्हणतो? जपानीतही "तानाका-सान वा?" असं विचारलं की उत्तर येतं, "मोओ काएरिमाशिता." म्हणजे घरी गेले. किंवा गेली! गेला-गेली-गेलेमधून आपलं क्रियापद जे उघड करतं, ते जपानी क्रियापद पोटातच ठेवतं. घोळ होण्यासारखा असेल तर सरळ नाव पुन्हा घ्यायचं किंवा हुद्दा सांगायचा. शिक्षकांना सेनसेइच म्हणायचं, कितीही वेळा. त्यांचा उल्लेख 'कारे' असा केलात तर मास्तरांना 'तो' म्हटल्यासारखं खटकेल.

'कारे' (आपलं 'का रे' नव्हे!) शब्द जुना. मूळ अर्थ 'पलीकडचा', आणि तो बाईलाही चाले. 'कानोजो' मात्र मेइजी काळात (1868–1912) युरोपीय भाषांमधल्या 'ती'साठी रुळवलेला शब्द. दोन्हींना भाषांतराचा वास आहे तो त्यामुळेच. पुढे गंमत अशी झाली की 'कारे' म्हणजे बॉयफ्रेंड आणि 'कानोजो' म्हणजे गर्लफ्रेंड असाही अर्थ चिकटला. "कानोजो इरु?" म्हणजे "तुला गर्लफ्रेंड आहे का?" आपल्याकडे 'आमचे हे' म्हटलं की हे कोण, ते विचारावं लागत नाही, तसंच. जपानी बायका नवऱ्याला 'उचि नो हितो' म्हणतात, शब्दशः 'आमच्या घरचा माणूस'. हे तर अगदी घरचंच वाटतं.

सर्वनामच हवं असेल तर 'हितो' म्हणजे माणूस, आणि त्याआधी दर्शक शब्द: 'आनो हितो', आदराने 'आनो काता'. मित्रमंडळीत किंवा रागात 'आइत्सु'. मराठी माणूस अडखळतो तो 'आनो' आणि 'सोनो'मध्ये, कारण आपल्याला दोन्हीकडे 'तो'च. समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलताना तो दोघांच्याही ओळखीचा असेल तर 'आनो हितो', एकाच्याच असेल तर 'सोनो हितो'. मी कितीतरी दिवस सरसकट 'आनो हितो' म्हणायचो, आणि समोरचा बिचारा आठवत बसायचा, आपण ह्या माणसाला भेटलो कधी!