उणे 48 ग्रॅमचा हापूस

प्रश्न : सर, देवगडला आमची कलमं आहेत. आंबे भरताना गंमत म्हणून बाबांच्या टांगत्या काट्यावर दोन क्रेट तोलले. क्रेटचं वजन वजा करून, 24 मोठी आणि 24 लहान फळं 12 किलो भरली. 25 मोठी आणि 24 लहान 12.550 किलो. यावरून एकेका फळाचं वजन काढायला लँडवेबरच्या पद्धतीचा (अंदाज धरून तो फेरीफेरीने सुधारत नेायची रीत) प्रोग्रॅम लिहिला. सुरुवात शून्यापासून, दर फेरीच्या दुरुस्तीचा गुणक 1/2353, फेऱ्या 50,000. उत्तर : मोठा 548 ग्रॅम, लहान उणे 48! बाबा म्हणतात, “ह्यो आंबो वर उडतलो.” दुकानातल्या डिजिटल काट्यावर सरासरी 300 आणि 200 ग्रॅम आली. फेऱ्या आणखी वाढवू का?
— एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : वाढवू नकोस, कमी कर. प्रोग्रॅम बरोबर आहे. तुझ्या दोन समीकरणांचं चोख उत्तर 550 आणि उणे 50 हेच, आणि तो इमानेइतबारे तिकडेच निघालाय. दोन क्रेटमध्ये फरक एकाच मोठ्या फळाचा. दुसरा क्रेट 12.300 भरायला हवा होता. काट्याने पाव किलो जास्त दाखवलं आणि ते सगळं त्या एका आंब्याच्या डोक्यावर बसलं.

मीही चालवून पाहिलं (गुहागरात दुपारी वीज गेली, म्हणून दोनदा). पहिल्याच फेरीत 256 आणि 250 ग्रॅम. 1,500 फेऱ्यांनंतर 298 आणि 207, अगदी दृष्ट लागण्यासारखं! 10,000 ला 446 आणि 56. पुढे घसरगुंडी.

असं का? प्रत्येक फेरीत प्रोग्रॅम क्रेटच्या वजनात किती कमी-जास्त होतंय ते बघतो आणि तो फरक फळांवर वाटतो. मोठा अधिक लहान ही बेरीज दोन्ही क्रेट ओरडून सांगतात, ती एका फटक्यात जुळते. मोठा-लहान यांतला फरक मात्र ते जेमतेम कुजबुजतात. तिथे दर फेरीला उरलेल्या अंतराचा साधारण दहाहजारावा भागच कापला जातो, आणि काट्याची चूकही त्याच कुजबुजीत मिसळलेली. म्हणून आधी खऱ्याच्या जवळ, मग दूर.

आता 1,500 वर थांब, असं मी म्हणेन? ती लबाडी होईल. डिजिटल काट्याचं उत्तर मला आधीच कळलंय. गणितज्ञ मोरोझोव्हने 1966 साली मांडलेला नियम सरळ आहे : हिशोबाने येणारं आणि काट्याने दाखवलेलं वजन यांतला फरक मापनातल्या चुकीएवढा झाला की थांबा. पहिल्या फेरीनंतर दोन्ही क्रेट दीडशे ग्रॅमच्या आत जुळतात. काटा पाव किलो चुकणारा, म्हणजे तिथेच थांबायचं : दोन्ही फळं अडीचशेच्या आसपास. रुचलं नाही ना? पण त्या काट्याला मोठा-लहान ओळखताच येत नव्हता.

काटेकोर बोलायचं तर दोन समीकरणांचं तुझं गणित नुसतं नाजूक आहे : मापातली छोटी चूक उत्तरात मोठी होते, एवढंच. लँडवेबरने 1951 साली ही रीत दिली ती फ्रेडहोमच्या पहिल्या प्रकारच्या समीकरणांसाठी (संकलनाच्या चिन्हाखाली दडलेलं अख्खं फलन शोधायची समीकरणं); तिथे अशा कुजबुजी अगणित असतात, एकीपेक्षा एक क्षीण, आणि थांबण्यावाचून गत्यंतर नसतं.

तुझं तसं नाही. 24 मोठी फळं एका क्रेटमध्ये घाल, 24 लहान दुसऱ्यात, आणि वेगवेगळे तोल. तोच काटा पाव किलो चुकला तरी फळामागे दहाच ग्रॅम. त्याच काट्यावर बाबा आंबे विकतात का, हे मी विचारत नाही.